परसबाग : बांधावरची चिरबोटी, गॅलरीतली रसभरी



खुरपणीला जाणाऱ्या आयाबायांच्या ओटीतून पूर्वी एक रानमेवा हमखास घरी येत असे. कागदासारख्या पातळ वेष्टनात दडलेले, हरभऱ्या-वाटाण्याएवढे, पिवळसर, गोडसर फळ. कोणी त्याला चिरबोटी म्हणते, कोणी रानपोपटी. पोरे फळ खात आणि रिकामे वेष्टन फुगवून कपाळावर फोडत. बाजरीच्या, भुईमुगाच्या रानात पावसाळ्यात ते आपोआप उगवे. शेतमालकाच्या लेखी ते तण, म्हणून कोणी वेचून नेले तरी त्याची हरकत नसे. ज्यांच्या नावावर सातबारा नव्हता, त्यांच्या मुलांचे ते फळ होते.

खराडीत आता ते रान फारसे उरलेले नाही. मुळा-मुठेच्या काठचे, नगर रस्त्यालगतचे हे गाव १९९७ साली पुणे महानगरपालिकेत आले. त्यानंतर शेतांच्या जागी संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती आणि उंच सोसायट्या उभ्या राहिल्या. गंमत अशी, की त्याच चिरबोटीची मोठी बहीण रसभरी आता प्लास्टिकच्या डबीत बसून शहरातल्या मोठ्या दुकानांत विकायला येते. मूठभर फळांचा भाव ऐकला तर एवढ्यात घरची एका वेळची भाजी आली असती, असे मनात येते. त्या सोसायट्यांत पहारा करणारे, जिने झाडणारे, धुणीभांडी आणि स्वयंपाक करणारे हात बहुतेक कष्टकरी वस्त्यांतले. ती डबी ते रोज पाहतात, पण घरी नेत नाहीत.

आजचे सांगणे थोडक्यात असे : ही डबी एकदाच विकत घ्या. एका चांगल्या रसभरीत शंभराहून अधिक बिया असतात. त्या नीट ठेवल्या, वेळेवर पेरल्या, तर पुढच्या वर्षी फळ आणि बियाणे दोन्ही घरचेच. त्यासाठी शेत लागत नाही. उन्हाची एक जागा आणि तेलाचा एक रिकामा डबा पुरतो.

नावांचा घोळ

आधी ओळख पक्की करून घेऊ, कारण या फळाच्या नावांत बराच गोंधळ आहे. रसभरीला इंग्रजीत ‘केप गूजबेरी’ म्हणतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजारातही ती ‘गूजबेरी’ या नावानेच विकली जाते. आपल्या आवळ्यालाही इंग्रजीत ‘इंडियन गूजबेरी’ म्हणतात, पण आवळ्याचा आणि हिचा काही संबंध नाही. महाबळेश्वरलाच मिळणारी ‘रासबेरी’ हे काटेरी झुडपाचे निराळेच फळ आहे. नाव कानाला जवळचे वाटले तरी रसभरी ती नव्हे.

रसभरी मूळची दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगांमधली. पेरू, कोलंबिया, इक्वेडोर या देशांचा हा डोंगराळ भाग. तिथून ती आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, ‘केप’ला गेली आणि तिथे तिची लागवड होऊ लागली, म्हणून ती ‘केप’ची. हिची एक बुटकी, जमिनीलगत पसरणारी बहीण आहे. तिला इंग्रजीत ‘ग्राउंड चेरी’ म्हणतात, कारण तिची फळे पिकली की आपोआप जमिनीवर गळतात. तिसरी बहीण मेक्सिकोची टोमॅटिलो. ती फळ म्हणून खात नाहीत, तिची हिरवी चटणी करतात. आपली चिरबोटीही याच गोतावळ्यातली. या सगळ्यांचे शास्त्रीय नाव ‘फायसॅलिस’ या शब्दाने सुरू होते. तो शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ फुगा किंवा बुडबुडा. फळाभोवतीचे फुगीर वेष्टन पाहिले की हे नाव का दिले ते लगेच कळते.

हा गोतावळा किती जुना असावा? दक्षिण अमेरिकेतल्या अर्जेंटिना देशात, पॅटागोनिया भागात, वेष्टनासकट दगडात उमटलेली अशी फळे शास्त्रज्ञांना सापडली. त्यांचे वय सुमारे पाच कोटी वीस लाख वर्षे. हा शोध २०१७ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. म्हणजे माणूस पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधीपासून हा छोटा कंदील झाडाला लटकतो आहे.

वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा ही सगळी याच कुळातली. त्यांपैकी मिरची, बटाटा आणि टोमॅटो अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आले आणि आपल्या चुलीवर असे रुळले की मिरचीला परकी म्हणायला आता कोणाची जीभ वळणार नाही. रसभरीचेही तसेच आहे. उत्तर भारतात तर तिची शेती होते.

बी काढणे

हिवाळ्याच्या अखेरीस, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, पुण्याच्या फळबाजारात रसभरी येते. त्यातली चांगली पिवळीधमक, नारिंगीकडे झुकलेली चार-पाच फळे बाजूला काढा. हिरवट झाक असलेले फळ बियाण्याला घेऊ नका. बाकीची फळे खुशाल खा.

बियाण्याची फळे वाटीत कुस्करा, थोडे पाणी घाला आणि एक-दोन दिवस झाकून ठेवा. गर सुटा होतो. मग भरपूर पाणी ओतून ढवळा. चांगले बी तळाशी बसते, गर आणि पोचट बी वर तरंगते. वरचे पाणी हळूच ओतून द्या. असे तीन-चार वेळा केले की तळाशी बारीक, चपटे, पिवळसर बी स्वच्छ दिसू लागते. ते चहाच्या गाळणीत घेऊन स्टीलच्या ताटलीवर पसरा. कागदावर पसरले तर चिकटून बसते. चार-पाच दिवस सावलीत, वाऱ्याला वाळवा. कडक उन्हात ठेवू नका.

वाळलेले बी कागदाच्या पुडीत बांधा. पुडीवर नाव आणि महिना लिहा. पुडी घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, कोरड्या आणि थंड जागी ठेवा. बरणीत चमचाभर कोरडी राख घातली तर ओल धरत नाही. असे बी तीन-चार वर्षे चांगले टिकते.

टोमॅटिलोचे फळ आपल्या बाजारात सहसा दिसत नाही. त्याचे पाकीट बियाण्याच्या मोठ्या दुकानातून घ्यावे लागते. तीन-चार घरांनी मिळून एक पाकीट घेतले तरी सर्वांना पुरते.

पेरणी आणि रोपे

पुण्याच्या हवेत पेरणीची उत्तम वेळ म्हणजे जूनचा पहिला पंधरवडा. उन्हाचा कडाका ओसरलेला असतो आणि मातीत उबही असते. रसभरीला बी पेरल्यापासून फळ हाती येईपर्यंत पाच-सहा महिने लागतात. म्हणजे जूनची पेरणी दिवाळीनंतर फळ देऊ लागते आणि थंडीभर देत राहते. ग्राउंड चेरी आणि टोमॅटिलो त्याहून लवकर, रोप लावल्यापासून दोन-अडीच महिन्यांत तयार होतात.

रोपांसाठी नवीन काही विकत आणू नका. दह्याचे रिकामे डबे, कापलेल्या दुधाच्या पिशव्या, नारळाच्या करवंट्या, काहीही चालते. मात्र प्रत्येकाच्या तळाला भोके हवीत. त्यात चाळलेली माती आणि मुरलेले खत निम्मे-निम्मे भरा. बी फार बारीक असते. वर भुरभुरून अगदी पातळ, जेमतेम पाव इंच मातीचा थर द्या. पाणी तांब्याने ओतू नका, हाताने शिंपडा, नाहीतर बी वाहून जाते. करवंट्या पावसाच्या थेट माऱ्यापासून दूर, पण उजेडात ठेवा.

दहा-पंधरा दिवसांत कोंब दिसतात. कधी तीन आठवडेही लागतात, तेव्हा घाईने माती उकरू नका. कोवळ्या रोपांचा मोठा शत्रू म्हणजे जास्तीचे पाणी. माती सतत चिंब राहिली की रोपे मातीलगत काळी पडून कोलमडतात. वरची माती जरा सुकली की मगच पाणी द्या. रोपे दाट आली असतील तर अशक्त रोपे कात्रीने कापून टाका. उपटली तर शेजारच्या रोपाची मुळे हलतात.

माती कोठली घ्यावी, कोठली घेऊ नये

खराडीसारख्या ठिकाणी हा प्रश्न महत्त्वाचा आहे. जिथे तिथे बांधकाम चालू असते आणि राडारोड्याचे ढीग पडलेले असतात. त्या ढिगांतली माती फुकट मिळते, पण तिच्यात सिमेंट आणि चुना मिसळलेला असतो. अशा मातीत रोप पिवळे पडून खुरटते. दुसरी चुकीची जागा म्हणजे नदीकाठ. शहराचे सांडपाणी घेऊन मुळा-मुठा खराडीला येते. नदीचा गाळ किंवा पाणी खाण्याच्या झाडाला वापरू नये. शक्य असेल तर गावाकडून येताना एक पिशवी रानातली माती आणा, किंवा रोपवाटिकेतून विकत घ्या.

खत घरचेच करता येते. भाजीची देठे, फळांच्या साली, धुऊन घेतलेला चहाचा चोथा आणि वाळका पाला एका भोके पाडलेल्या बादलीत थर देऊन कुजवावा. दोन-तीन महिन्यांत काळे, सुटे, मातीच्या वासाचे खत होते. पुण्यात कचरा वेचणाऱ्या भगिनींनी १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी केली, पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली. ओला कचरा वेगळा ठेवण्याची सवय शहराला लागली, त्यात या भगिनींचे कष्ट मोठे आहेत. आपल्या घरचा ओला कचरा आपल्याच डब्यात जिरला तर त्यांचाही भार थोडा हलका होईल.

डब्यात लावणी

रोप चार-सहा पानांचे झाले, म्हणजे पेरणीपासून साधारण महिना-दीड महिन्यात, मोठ्या डब्यात हलवावे. तेलाचा पंधरा लिटरचा डबा एका रोपाला पुरतो. तळाला खिळ्याने सात-आठ भोके पाडा आणि त्यांवर विटांचे तुकडे पसरा. त्यावर दोन भाग माती, एक भाग खत आणि थोडी वाळू किंवा नारळाचा भुसा असे मिश्रण भरा. खत याहून जास्त घालू नका. फार सकस मातीत रसभरी नुसती पानांनी माजते आणि फळ कमी देते. ज्या मातीत नुकतीच वांगी, टोमॅटो किंवा मिरची होती ती माती टाळा. एकाच कुळातली असल्याने त्यांचे रोग हिलाही लागतात.

लावणी संध्याकाळी करा, म्हणजे रोपाला रात्रभर विसावा मिळतो. दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा हवी. पूर्वेची किंवा दक्षिणेची गॅलरी उत्तम. रसभरी तीन-चार फूट वाढते आणि फांद्या आडव्या पसरते. फांद्या ठिसूळ असतात, म्हणून सुरुवातीलाच तीन काठ्या रोवून सैल दोरीने बांधाव्यात. वरच्या मजल्यावर राहत असाल तर डबा कठड्यावर ठेवू नका. जमिनीवर ठेवून गजांना तारेने बांधा. आणखी एक महत्त्वाचे. डब्याखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो.

रसभरीचे फूल पिवळे, खाली झुकलेले असते आणि आत पाच गडद तपकिरी ठिपके असतात. एकटे झाडही फळ धरते. सकाळी फुलांच्या फांद्या बोटाने हळूच हलवल्या तर फळधारणा चांगली होते.

मावा किंवा पांढरी माशी दिसली तर बाजारातले जहाल औषध आणू नका. लिटरभर पाण्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचा अर्धा चहाचा चमचा मिसळा. ते पाणी संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा आणि दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याने पाने धुवा. निंबोळ्या मिळाल्या तर पन्नास ग्रॅम वाळक्या निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात आणि गाळून फवाराव्यात. पाने आक्रसून गोळा झाली, मिरचीला बोकड्या पडतो तशी, तर ते झाड उपटून टाका. त्या रोगावर औषध नाही आणि पांढरी माशी तो शेजारच्या झाडांवर नेते.

टोमॅटिलोला जोडीदार हवा

टोमॅटिलोचे एक वैशिष्ट्य न कळल्यामुळे अनेकांची निराशा होते. झाड जोमाने वाढते, पिवळ्या फुलांनी भरते, हिरवी रिकामी वेष्टनेही धरते, पण आत फळ नसते. कारण टोमॅटिलोच्या झाडाला स्वतःचा पराग चालत नाही. दुसऱ्या झाडाचा पराग मधमाशीने आणून दिला तरच फळ धरते. म्हणून निदान दोन झाडे लावावीत आणि ती दोन वेगवेगळ्या बियांपासून झालेली असावीत. एकाच झाडाची फांदी लावून दुसरे झाड केले तर उपयोग नाही, कारण ते मुळात तेच झाड असते. घरात जागा एकाच डब्याची असेल तर शेजारणीशी ठरवा. तुमच्या गॅलरीत एक, तिच्या गॅलरीत एक. मधमाशीला भिंत आडवी येत नाही.

पिकले कधी समजावे, आणि विषाची गोष्ट

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. हा भाग घरातल्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवावा.

रसभरी, चिरबोटी, ग्राउंड चेरी यांचे फक्त पूर्ण पिकलेले फळ खायचे असते. हिरवे फळ, पाने, देठ आणि वेष्टन यांत विषारी द्रव्ये असतात. ती पोटात गेली तर पोटदुखी, उलट्या, जुलाब होऊ शकतात, आणि लहान मुलांना त्याचा त्रास अधिक. पिकल्याची खूण सोपी आहे. वेष्टन वाळून गवताच्या रंगाचे होते, आतले फळ पिवळे किंवा नारिंगी होते आणि हात लावताच ते सुटते किंवा आपणहून गळते. ओढून तोडावे लागले तर ते पिकलेले नाही, असे मुलांना शिकवा. टोमॅटिलोचे फळ मात्र हिरवेच वापरतात. फळ वाढून वेष्टन गच्च भरले, तडकू लागले, की ते तयार झाले. त्याचेही वेष्टन आणि पाने खायची नाहीत. फळावरचा चिकटपणा पाण्याने धुऊन टाकावा.

दुसरा धोका सारख्या दिसणाऱ्या झाडाचा आहे. पडीक जमिनीवर, रस्त्याच्या कडेला अश्वगंधेचे झुडूप आढळते. खेड्यापाड्यांत तिला आसकंद किंवा ढोरगुंज म्हणतात. तिचे फळही अशाच वेष्टनात असते, पण पिकल्यावर लाल होते. ते खाऊ नये. तिच्या मुळीचे औषध होते म्हणून फळही औषधी, असा समज करून घेऊ नये. फरक लक्षात ठेवा. रसभरीचे फूल एकेकटे, ठळक पिवळे, आत गडद ठिपक्यांचे. अश्वगंधेची फुले बारीक, हिरवट, झुपक्याने येणारी. वेष्टनातले फळ लाल दिसले की हात मागे.

रानातल्या चिरबोटीबाबतही आता सावध राहायला हवे. शेतात तणनाशके फवारली जातात, रस्त्याच्या कडेला धूर आणि सांडपाणी असते. आपल्या आयांनी जी फळे निर्धास्तपणे ओटीत घेतली, ती आज ओळखीच्या, न फवारलेल्या रानातलीच घ्यावीत. मुलाने चुकून भलतेच काही खाल्ले आणि त्रास सुरू झाला तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याच्या भानगडीत पडू नका. झाडाची फांदी सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा. डॉक्टरांना झाड दिसले की उपचार ठरवणे सोपे जाते.

खाणे आणि टिकवणे

वेष्टनासकट ठेवलेली रसभरी कोरड्या, हवेशीर टोपलीत दोन-तीन आठवडे सहज टिकते. तीच तिची नैसर्गिक पुडी. शंभर ग्रॅम फळांत साधारण अकरा मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते, आणि फळाला पिवळा रंग देणारे, डोळ्यांना उपयोगी असे कॅरोटीनही असते. पण तिला चमत्कारी फळ म्हणून खपवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. आपल्या साध्या पेरूत ‘क’ जीवनसत्त्व तिच्या वीसपट असते आणि पेरू पुष्कळ स्वस्त मिळतो. रसभरी खायची ती आंबटगोड चवीसाठी आणि मुलांच्या आनंदासाठी.

फळे जास्त झाली तर जॅम करा. एक वाटी फळांना पाऊण वाटी साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून मंद आचेवर शिजवा. या फळातच जॅम घट्ट करणारे द्रव्य भरपूर असते, त्यामुळे वरून पूड घालावी लागत नाही. शाळेच्या डब्यात पोळीला लावून द्यायला छान.

टोमॅटिलोची मेक्सिकन चटणी ऐकून तुम्हाला हसू येईल, इतकी ती आपल्या ठेच्याच्या जवळची आहे. टोमॅटिलो, हिरव्या मिरच्या आणि लसूण तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजायचे, मग कोथिंबीर-मीठ घालून खलबत्त्यात कुटायचे. तिकडे ती मक्याच्या भाकरीबरोबर खातात, आपण बाजरीच्या भाकरीबरोबर खावी.

बियाणे कोणाच्या हाती

शेवटी पुन्हा बियाण्याकडे येऊ. २०१८ साली अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेच्या आणि बॉइस थॉम्पसन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ग्राउंड चेरीच्या जनुकांत नेमके बदल करून झाड आटोपशीर आणि फळ मोठे करता येते हे दाखवून दिले. कालपर्यंत बांधावर वाढणाऱ्या झाडाकडे जगाचे लक्ष गेले आहे, याची ही खूण. विज्ञानाला आपला विरोध असण्याचे कारण नाही. सुधारलेले झाड आले तर चांगलेच. प्रश्न एवढाच, की उद्या त्याचे बी आपल्या हाती राहील की दरवर्षी पाकीट विकत घ्यावे लागेल.

आपल्या देशात यासाठी कायदा आहे. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ याच्या ३९व्या कलमाने शेतकऱ्याला आपल्या पिकाचे बियाणे राखून ठेवण्याचा, पुन्हा पेरण्याचा, इतरांना देण्याचा, बदलून घेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. बंधन एवढेच, की संरक्षित वाणाचे बियाणे त्याच्या नावाचा शिक्का मारून विकता येत नाही. पण हक्क कागदावर असून भागत नाही, बी घरात असावे लागते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच केले. शाळेची पायरी न चढलेल्या या आदिवासी भगिनीने गावठी भाज्यांचे आणि भातांचे बियाणे जमवले, जपले आणि इतर बायांना वाटले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी सुरुवात स्वतःच्या परसातूनच केली होती.

रसभरी तर बियाणे राखायला सर्वांत सोपी. ती स्वतःच्या परागावर फळ धरते, त्यामुळे बहुतेक वेळा आईसारखेच लेकरू येते. दरवर्षी सर्वांत निरोगी झाडाची, सर्वांत गोड अशी पाच फळे खायच्या आधीच बियाण्यासाठी बाजूला काढावीत. मुलांना ती आधीच दाखवून ठेवा, म्हणजे ती तोंडात जाणार नाहीत.

त्या बियांच्या चार पुड्या करा. एक घरी ठेवा, एक शेजारी द्या, एक गावाकडे पाठवा आणि एक मुलांच्या शाळेत बाईंना द्या. प्रत्येक पुडीवर तीन गोष्टी लिहा : रसभरी, बी काढल्याचा महिना, आणि ‘फक्त पिवळे पिकलेले फळ खावे’. तिसरी ओळ विसरू नका. बरणीत पुडी ठेवताना जूनची पेरणी घरातल्या दिनदर्शिकेवर आताच लिहून टाका.

जयभीम.